टेस्टिंग आहे, काही नाही

केबिनच्या डोक्यावर उभा राहून मी लिफ्ट सरकते त्या रेलला तेल देत होतो. कमरेला काहीतरी टोचलं म्हणून खाली पाहिलं, तर सेफ्टी बेल्टचा हुक नुसता लोंबत होता. कुठेच अडकवलेला नव्हता. केबिनच्या डोक्यावर म्हणजे लिफ्टच्या छतावर. लोक आत उभे राहून वर-खाली करतात, आम्ही मेकॅनिक छतावर उभे राहून करतो. चारी बाजूंना शाफ्टच्या भिंती, वर केबिन ओढणारे तेलकट तारेचे दोर, आणि केबिन आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून खालचे सगळे मजले एकाखाली एक अंधारात गेलेले. इथे आधी हुक लावायचा, मग पाय ठेवायचा. पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच, बाकीचं हळूहळू शिकता येतं. इतकी वर्षं झाली, आता हुक माझा हातच लावतो, मला विचारतही नाही. घरातून निघताना आपण खिशात किल्ली चाचपतो तसा. मी हुक लावला, तो खट्ट वाजला, तेलाची बुधली उचलली आणि पुढच्या रेलला लागलो. मग थोड्या वेळानं लक्षात आलं, की मी घाबरलोच नाही.

हुक राहिला याचं एवढं नाही. माणूस आहे, राहतो एखाद्या वेळी. पण राहिलाय हे कळल्यावर छातीत धस्स व्हायला हवं, पायातलं बळ जायला हवं, घशाला कोरड पडायला हवी. आमच्यातल्या ज्यांचा ज्यांचा म्हणून कधी राहिला ते सगळे खाली येऊन पायरीवर बसतात, पाणी मागतात, दिवसभर त्यांना चैन पडत नाही. मला तसलं काही झालं नाही. शर्टाचं बटण तुटलेलं दिसावं आणि आपण म्हणावं, बरं, तुटलंय, तेवढंच झालं. आणि त्याच्या मागोमाग, हे सांगायला बरं वाटत नाही पण सांगतो, माझ्या मनात आलं की तसाच राहिला असता तरी काय मोठं बिघडलं असतं. कुणाचा आवाज-बिवाज नव्हता तो. मला आवाज ऐकू येत नाहीत. तो माझाच विचार होता, माझ्याच बोलीतला, अगदी सभ्य आणि शांत. हुकाची भीती वाटली नाही, पण त्या शांतपणाची वाटली. मी बुधली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी वरची पट्टी धरून उभा राहिलो.

वरून, मशीन रूममधून, मामांनी विचारलं, झोपलास का रे? मामा माझे मामा नाहीत. ते कुणाचेच मामा नाहीत; त्यांना बहीणच नाही. पण कंपनीतले सगळे मेकॅनिक त्यांना मामा म्हणतात, साहेबसुद्धा म्हणतात, आणि ते प्रत्येकाला आपल्याच घरातला बिघडलेला पोरगा असल्यासारखं वागवतात. गुडघे गेलेत, निवृत्ती जवळ आली आहे, तरी जिना चढून मशीन रूममध्ये जातात आणि मोटरशी गप्पा मारतात. ‘काय म्हातारे, आज कुरकुर नाही?’ असं विचारून मगच पाना काढतात. मी वर ओरडून सांगितलं, झोपलो नाही, तेल संपलंय. तेल संपलं नव्हतं. हल्ली माझ्या तोंडून पहिलं येतं ते खोटंच येतं, आणि तेही बिनकामाचं.

काय होतंय असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काहीच नाही, हीच तर पंचाईत. कुणी गेलं नाही, नोकरी आहे, घर आहे, बायको शाळेच्या ऑफिसात आहे, मुलगी अभ्यासात बरी आहे आणि तोंडानं माझ्यापेक्षा तिखट आहे. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. माझा आलाच मुंगीच्या पावलांनी, त्यामुळे तो आला हे कळायलाच उशीर झाला. आधी जेवणाची चव गेली. मग गाणी ऐकावीशी वाटेनात. मग सकाळी उठल्यावर पायांत चपला घालणं हे एक काम होऊन बसलं. चपलांकडे बघत पलंगाच्या कडेवर बसून राहायचं, आणि बायको आतून विचारायची, अहो, निघालात की नाही? एकदा मुलगी तिच्या शाळेतला कसलासा विनोद सांगत होती. हात हलवून, आवाज काढून, अगदी रंगात आली होती. मला सगळे शब्द कळत होते. हसण्याची जागा आली हेही कळलं, आणि मी हसलो. मुलगी सांगायची थांबली. ‘बाबा, नको ना असं हसू,’ म्हणाली, आणि उठून गेली. नाटकातला माणूस पडदा पडायच्या आधीच पकडला जावा तसं मला झालं. त्यानंतर ती मला विनोद सांगत नाही.

मदत शोधली नाही असं नाही. आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, घरात भांडण? नाही. कामावर त्रास? नाही. मग काय होतंय? मी म्हणालो, काही नाही. त्यांना हायसं वाटलं. ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, मोकळ्या हवेत फिरा, दिवसभर शाफ्टमध्ये असता तुम्ही. गोळ्या घेतल्या, फिरलो, आणि मोकळ्या हवेतसुद्धा ते माझ्याबरोबर फिरायला आलं. मग एक दिवस कामावर न सांगता मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या माणसानं सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, मानसिक का? रांगेतली माणसं वळून बघू लागली. वळून बघायचं कारण नव्हतं, पण माझ्या पुढच्या बाईनं पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली ते मी पाहिलं. तिसरा मजला, खिडकीवाला म्हणाला. लिफ्टपाशी गेलो तर लिफ्ट बंद. दार मिटायला यायचं आणि अर्ध्यावरून परत जायचं. चाकांच्या खुर्चीतली एक म्हातारी, तिचा मुलगा आणि आणखी पाच-सहा जण ताटकळत उभे. आमच्या कंपनीची लिफ्ट नव्हती ती. पण आवाज ऐकूनच मला कळलं की दाराच्या डोळ्यावर, म्हणजे सेन्सरवर, धूळ बसली असणार. रुमाल काढला, उकिडवा बसलो, पुसलं. दार मिटलं. म्हातारी वर गेली, मुलगा वाकून वाकून आभार मानत गेला, लिफ्टमन म्हणाला, साहेब, देव भेटलात. मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. त्या बरं वाटण्यातच मी घरी निघून आलो. तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं हे बसस्टॉपवर आठवलं. परत जाऊ शकलो असतो. लिफ्ट चालू होती, नाहीतर जिनाही होता. पण बस आली.

कंपनीचाही एक नंबर आहे. सुरक्षा सप्ताहात साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, मनावर ताण असेल तर निःसंकोच फोन करा, सगळं गुप्त राहील. मी एकदा केला. पलीकडच्या मुलीनं सगळ्यात आधी एम्प्लॉयी नंबर विचारला, मग ब्रँच. मी फोन ठेवला. तिची चूक नाही, तिला तसं सांगितलं असेल. पण माझ्या डोळ्यांपुढे शिट्टी उभा राहिला. शिट्टी म्हणजे आमचा एक मेकॅनिक, काम करताना सतत शिट्टी वाजवायचा म्हणून तसं नाव पडलं. त्यानं एकदा भोळेपणानं सांगितलं, मला वर उभं राहिलं की कसंतरी होतं, नको नको ते मनात येतं. दुसऱ्या दिवसापासून त्याला शाफ्ट बंद. स्टोअरमध्ये बसवला, नटांतून बोल्ट वेगळे करायला. अजून तिथेच आहे. शिट्टी वाजवत नाही. त्याच्या मागे लोक डोक्यापाशी बोट फिरवतात, आणि खोटं कशाला बोलू, पूर्वी मीही हसलो आहे. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प बसलो. शाफ्टमध्ये मी कुणीतरी आहे. स्टोअरमध्ये मी कोण?

त्या दिवशीची इमारत सगळी ऑफिसांची होती. चार लिफ्टा, चारींचं सर्व्हिसिंग. पहिल्या लिफ्टचं छतावरचं काम संपवून मी आत आलो तर बटणांच्या पट्टीवर कुणीतरी एक नवं स्टिकर चिकटवलेलं. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं: मन जड झालंय? बोलून पाहा. खाली हेल्पलाइनचा नंबर. आणि चिकटवलं कुठे, तर किती माणसं आणि किती वजन चालेल ते लिहिलेल्या पाटीवर. मला संताप आला. पट्टीवर काहीही चिकटवायचं नाही असा नियम आहे, आणि वजनाची पाटी झाकायची म्हणजे कहरच. नखानं कोपरा सोडवून मी ते उपटलं. चांगल्या गोंदाचं होतं, फाटलं नाही, अख्खं हातात आलं. फेकायला डबा नव्हता, बोटांना चिकटून राहिलं, म्हणून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून लावून टाकलं. मग दिवसभर पाना काढायला झाकण उघडलं की ते विचारायचं, मन जड झालंय? आणि मी झाकण लावायचो.

आत काम संपलं की शेवटी अलार्मचं बटण तपासायचं. लाल घंटीचं बटण दाबलं की केबिनमधल्या जाळीतून शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आमच्या कंट्रोल रूममधली बाई बोलते. तिला मी कधी पाहिलेलं नाही. आवाजावरून चाळिशीची असावी, चहा पीत असावी, आणि तिच्या मागे कायम पंखा खडखडत असतो. ती म्हणते, नमस्कार, कंट्रोल रूम, लिफ्टमध्ये कुणी अडकलंय का? मी म्हणतो, नाही मॅडम, टेस्टिंग आहे, काही नाही. ती म्हणते, ठीक आहे टेस्टिंगवाले, आवाज येतोय. संपलं. मी किती वर्षं हे म्हणतोय याचा हिशेब नाही, पण तिला माझं नाव माहीत नाही आणि मला तिचं. टेस्टिंगवाले हेच माझं नाव. त्या दिवशी पहिल्या लिफ्टमध्ये मी तेच बोललो. बोलून झाल्यावर जाळीकडे बघत उभा राहिलो. काही नाही. काही नाही. हा शब्द तोंडातून इतका गुळगुळीत निघाला, की खरं काही असतं तरी असाच निघाला असता.

अडकलेल्या माणसांबद्दल मला विचारा. माणूस अडकला की आधी पाना नाही, आधी तोंड. दाराच्या फटीशी तोंड नेऊन बोलायचं: मी बाहेरच आहे, हवा आत येतेय, तुमचं नाव काय, घरी कोण कोण असतं. दोन मिनिटांत काढतो असं कधी म्हणायचं नाही, कारण तिसरं मिनिट लागलं की त्याचा तुमच्यावरचा विश्वास जातो. बोलत राहायचं. एकदा एका म्हाताऱ्या मास्तरांना मी सगळे पाढे म्हणायला लावले होते, बाहेर आले तेव्हा एकोणतिसाच्या पाढ्यात होते आणि माझ्यावर चिडले की पुरा होऊ दिला नाहीस. आणि दरवेळी सगळ्यांना सुटल्यावर मी एकच विचारतो, घंटीचं बटण का नाही दाबलं? निम्मे लोक दाबतच नाहीत. आपोआप उघडेल असं वाटलं. उगाच कुणाला त्रास. लोक काय म्हणतील, एवढ्या तेवढ्यासाठी आरडाओरडा. एक बाई तर अख्खी दुपार आत उभी होती, आणि आम्ही दार उघडल्यावर ओशाळं हसून म्हणाली, माफ करा हं. मी तिच्यावर चिडलो होतो. बटण काय शोभेला बसवलंय का, म्हणालो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दुपारी जिन्याच्या पायऱ्यांवर डबे उघडले. मामा मन लावून जेवत होते. ते नेहमीच मन लावून जेवतात, प्रत्येक घास बघून. मी आडून आडून विचारलं, मामा, तुमचा कधी हुक राहिलाय का? त्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला, पाणी प्यायले.

‘राहिलाय,’ म्हणाले. ‘नवा होतो तेव्हा. खाली आलो आणि लहान पोरासारखा रडलो. घाबरलो रे.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तू घाबरलास का?’

मी म्हटलं, कोण मी? छे, मी सहज विचारलं. मामांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, कुणास ठाऊक. त्यांनी उपदेश केला नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. हात धुऊन आले आणि म्हणाले, आता उरलेल्या लिफ्टांच्या डोक्यावर मी जातो, तू आतलं आणि मशीनचं बघ. तुमचे गुडघे, मी म्हणालो. माझे गुडघे माझ्याजवळ आहेत, ते म्हणाले, आणि माझ्या कमरेचा बेल्ट हात पुढे करून मागून घेतला. स्वतःचा असताना. मी दिला. तेव्हा मला इतकी लाज वाटली आणि त्या लाजेच्या तळाशी इतकं हलकं वाटलं, की मी मशीन रूममध्ये जाऊन मोटरच्या आवाजात उगाचच खाकरत राहिलो.

तिथेच मी टूलबॉक्स उघडला आणि नंबर लावला. ठरवून नाही लावला. पाना काढायला झाकण उघडलं, स्टिकर समोर आलं, हातात मोबाइल होता. आधी एक बाई आपोआप बोलली की सगळे सल्लागार दुसऱ्या फोनवर आहेत. मग एक बासरी वाजली. मी ठेवणारच होतो. ठेवायला मिळावं म्हणून बासरी लांबावी असं वाटत होतं. एवढ्यात कुणीतरी उचललं. पुरुषाचा आवाज होता, सर्दी झालेला. ‘नमस्कार. बोला, मी ऐकतोय.’ एवढंच म्हणाला. नाव नाही विचारलं, नंबर नाही, ब्रँच नाही. आणि माझं तोंड उघडलं, आणि माझ्या कानांनी मी ऐकलं: ‘टेस्टिंग आहे, काही नाही. आवाज येतोय. धन्यवाद.’ फोन बंद केला. मोटर घुमत होती. खालच्या शाफ्टमधून मामांनी विचारलं, काय रे, कुणाशी बोलतोयस? मी म्हणालो, टेस्टिंग करतोय. आणि मला हसू आलं, खरंखुरं, पोटातून. मग त्या हसण्याचं काय झालं ते मला कळलं नाही, कारण मी टूलबॉक्सच्या शेजारी जमिनीवर बसलो होतो आणि तोंडावर तेलाचं फडकं दाबून धरलं होतं, आणि फडकं ओलं होत होतं.

बायको एकदा म्हणाली होती, तुम्ही घरात असता, पण असता कुठे? भांडताना नाही म्हणाली. कपड्यांच्या घड्या घालत होती, माझा शर्ट तिच्या हातात होता. मी म्हणालो, इथेच तर आहे. तिनं शर्टाची बाही नीट केली आणि म्हणाली, शर्ट इथे आहे. तिला उत्तर द्यायला हवं होतं. उत्तर माहीत होतं मला. मी दोन मजल्यांच्या मध्ये आहे, वर तुमचे पाय दिसतात, खाली कुणाची तरी डोकी दिसतात, आवाज सगळे ऐकू येतात, आणि मी घंटीकडे बघत उभा आहे की एवढ्या तेवढ्यासाठी कशाला. हे सगळं मला सुचलं आणि मी चहा करू का म्हणून विचारलं. तिनं नको म्हटलं. दिवसभर लोकांना दाराच्या फटीतून बोलतं करणारा माणूस मी. माझ्या फटीशी येऊन बायको किती वेळा बोलली असेल, आणि मी आतून सांगत राहिलो की काही नाही.

चौथी लिफ्ट संपायला ऑफिसं सुटायची वेळ झाली. केबिन तळमजल्यावर आणून मी दार उघडं धरायचं बटण लावलं, पट्टी पुसली, दिवे पाहिले, पंखा पाहिला. बाहेर लॉबीत माणसं जमायला लागली होती. बॅगा, मोबाइल, उद्याच्या मीटिंगा. एक अलार्म राहिला होता. बटणावर बोट ठेवलं तेव्हा माझ्या मनात एकच होतं की आजचा दिवस संपला, उद्या मामा बेल्ट परत देतील, उद्या मी पुन्हा वर. आणि उद्याचा तो हुक मला दिसला, कमरेला लोंबत असलेला, आणि तो शांतपणा. तेव्हा धस्स झालं. सकाळी व्हायला हवं होतं ते आता झालं, तळमजल्यावर, उघड्या दारात. मला मरायचं नव्हतं. मला हे कुणालातरी सांगायचं होतं. आणि कंट्रोल रूमचं प्रत्येक बोलणं रेकॉर्ड होतं, साहेब ऐकू शकतात, शिट्टीशेजारी एक स्टूल रिकामंच आहे, हेही त्याच वेळी माहीत होतं. बटण दाबलं गेलं.

‘नमस्कार, कंट्रोल रूम. लिफ्टमध्ये कुणी अडकलंय का?’

जिभेवर शब्द तयार होते. मी दात मिटून ते आतच धरले.

‘टेस्टिंगवाले, तुम्हीच ना? आवाज येत नाहीये.’

‘हो,’ मी म्हणालो.

‘हो काय? कुणी अडकलंय?’

‘हो.’

‘किती जण?’

‘एक.’

तिची बोटं कीबोर्डवर वाजायला लागली. कुठला मजला, विचारलं तिनं. मी म्हणालो, तळमजला, दार उघडं आहे. बोटं थांबली. मागचा पंखा खडखडत राहिला. आता ती रागावेल असं मला वाटलं. अलार्मच्या लाइनवर थट्टा केली तर तक्रार होते.

‘दादा,’ ती हळू म्हणाली, ‘स्वतःबद्दल बोलताय का?’

मी हो म्हणालो. मग जे आलं ते सगळं वेडंवाकडं आलं. सकाळी हुक न लावता छतावर उभा होतो, घाबरलो नाही, त्याचं काहीच वाटलं नाही, पोरगी विनोद सांगत नाही, पायात चपला घालता येत नाहीत. तिनं मध्ये तोंड घातलं नाही. मी थांबलो तेव्हा एकच विचारलं, आत्ता कुठे उभे आहात, वर की आत? आत, मी म्हणालो. खाली. मग तिथेच थांबा, ती म्हणाली. ‘मला यातलं काही कळत नाही हो. मला फक्त अडकलेली माणसं माहीत आहेत. मी लाइनवर आहे. बोलत राहा.’

कुणीतरी कळणाऱ्याला लावू या, ती म्हणाली. मी म्हणालो, नंबर आहे माझ्याकडे, स्टिकर आहे. मग तुमच्या मोबाइलवरून लावा, मी ठेवत नाही. मी खाली बसलो, टूलबॉक्स उघडला, नंबर लावला. तीच आपोआप बोलणारी बाई, तीच बासरी. लागत नाही, मी जाळीकडे बघून म्हणालो. लागेल, जाळी म्हणाली, मी आहे. बासरी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. लॉबीतली माणसं आत डोकावायला लागली होती. एकानं घड्याळाकडे पाहिलं. मी उठून बाजूला व्हावं असं मला वाटलं, सवयीनं, आणि उठायलाही लागलो. तेवढ्यात जिन्यावरून गुडघे धरत मामा उतरले. त्यांनी मला पाहिलं. जमिनीवर बसलेला, कानाला फोन, तोंडावर काळे डाग. काही विचारलं नाही. पिवळी पाटी उचलली, काम चालू आहे अशी, ती दारासमोर मांडली, आणि माझ्याकडे पाठ करून पाटीशेजारी उभे राहिले. त्यांच्या कमरेला दोन बेल्ट होते.

‘नमस्कार. बोला, मी ऐकतोय.’ तोच आवाज, तीच सर्दी.

‘मगाशी तुम्हाला एक फोन आला होता,’ मी म्हणालो. ‘टेस्टिंग आहे म्हणून ठेवला.’

‘आला होता,’ तो म्हणाला. ‘तुम्ही ठेवल्यावरही मी थोडा वेळ थांबलो होतो.’

‘तो मीच. ते टेस्टिंग नव्हतं.’

बाहेर कुणीतरी मामांना विचारलं, अजून किती वेळ लागेल हो?

‘लागेल तेवढा लागेल,’ मामा म्हणाले. ‘आत माणूस आहे. तुम्ही जिन्यानं जा.’